नोंदींचा आराखडा खुला हवा

जीएसटीच्या बिलावर लागणारा तुरीचा एचएसएन कोड शून्याने सुरू होतो: ०७१३६०. हळदीचा ०९१०३० आणि केळीचा ०८०३. लातूरच्या आडत बाजारात तूर आणि सोयाबीनचे ढीग पडतात, नांदेडच्या मोंढ्यात हळद येते, अर्धापूरच्या शिवारात केळीच्या बागा आहेत. सोयाबीनचा कोड १२०१, त्यामुळे त्याची चिंता नाही. बाकीच्या तिन्ही मालांच्या कोडातले पहिले शून्य टिकते की गळते, हे एका लहानशा निर्णयावर अवलंबून असते. बिलिंगच्या डेटाबेसमध्ये तो कॉलम आकड्यांचा ठेवला की मजकुराचा, एवढाच तो निर्णय.

आकड्यांचा ठेवला तर ०७१३६० चे ७१३६० होते. एचएसएन कोड चार, सहा किंवा आठ आकडी असतो. पाच आकडी कोड नाहीच. पंचवीस किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या पाकीटबंद डाळीवर १८ जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटी आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला दुसऱ्या व्यापाऱ्याच्या नावे बिल करताना ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले आहे. म्हणजे मिलमधून डाळीची गाडी निघण्याआधी बिल सरकारी पोर्टलवर जाते, तिथे तपासले जाते आणि चुकीचा कोड असेल तर परत येते. गाडी भरलेली, चालक ताटकळलेला, आणि कारण एक गळालेले शून्य.

ही चूक बिल टाइप करणाऱ्या मुनीमजींची नसते. तिचा उगम बराच मागे, टेबलाची रचना ठरली त्या दिवशी असतो. या रचनेला संगणकाच्या भाषेत स्कीमा म्हणतात: कोणती टेबले, त्यात कोणते कॉलम, कोणत्या कॉलमचा प्रकार काय, कोणती ओळ कोणत्या ओळीशी जोडलेली. डेटा सगळा पुसला तरी ही रचना एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उरते. आज प्रोग्रॅमर ही रचना डेटाबेसमधून एखाद्या साधनाला वाचायला देतो आणि ते साधन त्यातून प्रोग्रॅमचे क्लास आपोआप तयार करते. टेबलाचा क्लास होतो, कॉलमचे गुणधर्म होतात, दोन टेबले जोडणाऱ्या फॉरेन कीचे दोन क्लासमधले नाते होते. जॅंगोमध्ये त्यासाठी इन्स्पेक्टडीबी नावाचा आदेश आहे, मायक्रोसॉफ्टच्या एंटिटी फ्रेमवर्कमध्ये स्कॅफोल्ड, प्रिझ्मामध्ये डीबी पुल. जावावाल्यांकडे हायबरनेटची साधने आहेत. पन्नास टेबलांचे क्लास हाताने लिहायला आठवडा जाईल. साधन ते काही सेकंदांत काढून देते.

या सोयीमागे एक जुना पेच आहे. एडगर कॉड या आयबीएममधल्या गणितज्ञाने १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली, तिच्यात सगळी माहिती ओळी आणि स्तंभांत बसते. प्रोग्रॅमिंग मात्र पुढे ऑब्जेक्टच्या वाटेने गेले, जिथे शेतकरी हा एक ऑब्जेक्ट, त्याचे शेत दुसरा, आणि एकाच्या पोटात दुसरा. दोन्ही रीती आपापल्या जागी पक्क्या. त्यांच्यात देवाणघेवाण घडवणारा थर म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, थोडक्यात ओआरएम. गॅविन किंग यांनी २००१ मध्ये हायबरनेट सुरू केले, त्यानंतर रेल्स आणि जॅंगो आले, आणि हा थर गल्लीतल्या प्रोग्रॅमरच्याही हाती पडला.

साधन कितीही चांगले असले तरी त्याला स्कीमाच्या पलीकडचे काही दिसत नाही. स्कीमात आकडा लिहिला असेल तर क्लासमध्ये आकडाच येतो. तुरीच्या कोडाला पुढे शून्य असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. जॅंगोचे साधन तर हे स्वतःच कबूल करते. त्याने काढलेल्या फाइलच्या माथ्यावर सूचना येते, की प्रत्येक टेबलाची प्रायमरी की, म्हणजे ओळ ओळखण्याचा कॉलम, तपासा, जोडलेली नोंद पुसली तर काय करायचे ते ठरवा, क्रम नीट लावा. एखाद्या कॉलमचा प्रकार ओळखता आला नाही तर त्या ओळीशेजारी, हा प्रकार अंदाजाने धरला आहे, अशी टीप असते. ही टीप वाचायची असते. घाईत पुष्कळ जण ती पुसून टाकतात.

मराठवाड्यात या विषयाची खरी परीक्षा व्यापाऱ्याच्या बिलात होत नाही, सातबाऱ्यात होते.

गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, बारा हा पिकांचा, सहा हा फेरफाराचा, सहा-क वारसांचा, आठ-अ खात्याचा. गावच्या दप्तरात असे एक ते एकवीस नमुने आहेत. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो; तो क्रमांक घेऊन नमुना सहा उघडला की ते नाव तिथे कसे लागले ते कळते. खरेदी, वाटणी, वारस, कूळ, जे असेल ते. डेटाबेस शिकवताना फॉरेन की म्हणून जे सांगितले जाते, ते नेमके हेच. ते तलाठ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शाईने लिहिले आहे. वहीच्या एका पानावरचा क्रमांक दुसऱ्या वहीतल्या ओळीकडे बोट दाखवतो, आणि तो जुळला नाही तर नोंद संशयास्पद ठरते.

आता हे नमुने संगणकात आहेत. ई-फेरफार प्रणाली एनआयसीच्या पुणे कार्यालयाने घडवली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकरी मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करतो. या कामाचे मोल मोठे आहे. पूर्वी एका उताऱ्यासाठी निलंग्याच्या किंवा देगलूरच्या खेड्यातल्या माणसाचा दिवस तालुक्याला जायचा. तो वाचला, ही साधी गोष्ट नाही.

मात्र या कागदातला प्रत्येक रकाना टेबलाच्या कॉलममध्ये घालताना ठेच लागते, आणि ती कुठे लागते हे फक्त इथल्या माणसाला आधी दिसते. क्षेत्राचेच घ्या. गावात जमीन एकर आणि गुंठ्यांत बोलली जाते. एका एकरात चाळीस गुंठे. जुन्या कागदावर, खरेदीखताच्या मसुद्यात किंवा भाऊबंदांच्या चिठ्ठीवर १.२० लिहिलेले असते, त्याचा अर्थ एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. तोच आकडा दशांशाच्या कॉलममध्ये गेला की तो एक पूर्णांक दोन दशांश एकर होतो, म्हणजे एक एकर आठ गुंठे. बारा गुंठे जमीन कुणी न चोरता गेली. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते, तिथे शंभर आरचा एक हेक्टर असल्याने दशांश जुळतो आणि हा घोटाळा होत नाही. पण खासगी सॉफ्टवेअरमध्ये, पाणीवापर संस्थेच्या नोंदीत, पीककर्जाच्या अर्जाच्या एक्सेलमध्ये एकर-गुंठे सर्रास येतात. स्कीमात कॉलमचे नाव नुसते क्षेत्र असेल आणि एकक कुठेच लिहिलेले नसेल, तर त्यातून निघालेला क्लासही नुसते क्षेत्र म्हणतो. एकक कोणते, हे विचारायला साधनाला जीभ नाही.

वाटणीत आणखी एक गाठ असते. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. तीन वारसांत सारखी वाटणी केली तर प्रत्येकाला ३३३३ चौरस मीटर येतात, बेरीज ९९९९. एक चौरस मीटर उरतो. तो कुणाच्या नावे लावायचा हे माणसाने ठरवायचे असते. कॉलम तरंगत्या दशांशाचा असला तर संगणक तो एक मीटर अपूर्णांकांत विरघळवून टाकतो आणि पुढे कधीतरी नमुना सातची बेरीज मूळ क्षेत्राशी जुळत नाही. तेव्हा दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो, तो शेतकऱ्याला.

हिश्शाची रचना तर अधिकच बोलकी आहे. एका गटाला अनेक खातेदार असतात, आणि एका खातेदाराचे अनेक गट. डेटाबेसमध्ये अशा नात्यासाठी मध्ये एक जोडटेबल ठेवतात, त्यात एक कॉलम गटाचा, दुसरा खातेदाराचा. एंटिटी फ्रेमवर्कच्या नव्या आवृत्त्यांना असे दोनच कॉलमचे जोडटेबल दिसले, की त्या त्याचा स्वतंत्र क्लास काढत नाहीत. दोन्ही बाजूंना थेट याद्या देतात. सोय म्हणून हे उत्तम. पण कुणाचा किती हिस्सा, ती आणेवारी, नेमकी त्या मधल्या टेबलात राहायला हवी. रचना करणाऱ्याने तिथे हिश्शाचा कॉलम ठेवलाच नाही, तर तयार होणाऱ्या क्लासमध्ये गटाला खातेदारांची यादी असते आणि कुणाचा किती हे कुठेच नसते. मोठ्या भावाचे आठ आणे आणि दोन पुतण्यांचे चार-चार आणे एका सपाट यादीत येतात. मराठवाड्यातले शेतीचे किती दावे या एका कॉलमभोवती फिरतात, हे औशाच्या किंवा कंधारच्या न्यायालयाबाहेर बसलेल्या कुठल्याही मुद्रांक विक्रेत्याला विचारावे.

नावांच्या रकान्यातही तीच कथा. इथल्या उताऱ्यांवर बाईच्या नावापुढे भ्र. असे लिहून नवऱ्याचे नाव येते, पुरुषाच्या नावापुढे पि. लिहून वडिलांचे. जुन्या उर्दू वळणाच्या नोंदीत वल्द आणि जौजे दिसतात. अज्ञान वारसाच्या नावामागे अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, एकत्र कुटुंबाच्या कर्त्याला ए.कु.मॅ. ही सगळी नाती आहेत. दोन माणसांतले नाते, एका मुलाची वयाने संपणारी पालकत्वाची मुदत, एका कुटुंबाची सामाईक मालकी. शहरात बसून स्कीमा लिहिणारा तिथे फादर नेम नावाचा एक कॉलम देतो आणि मोकळा होतो. मग विधवेच्या नोंदीत वडिलांच्या जागी नवरा बसतो. क्लासमधल्या त्या गुणधर्मावर भरवसा ठेवून कुणी पुढे वारसांची यादी काढली, तर ती चुकीचीच निघणार.

देवनागरीचा हिशेब वेगळा करावा लागतो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, हलंत, तीन बाइट घेते. औरंगाबाद या शब्दात आठ चिन्हे, म्हणून चोवीस बाइट. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. त्यात सोळा चिन्हे आणि मध्ये एक मोकळी जागा, एकूण एकोणपन्नास बाइट. ओरॅकलमध्ये कॉलमची लांबी वेगळे काही सांगितले नाही तर बाइटमध्ये मोजली जाते. तीस बाइटच्या कॉलममध्ये जुने नाव आरामात बसत होते, नवे बसत नाही. लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळ तालुक्याचे नावही सदतीस बाइटचे आहे, म्हणजे तेही त्या कॉलमबाहेर. एसक्यूएल सर्व्हरवर साध्या मजकुराचा कॉलम वापरला आणि युनिकोडची तजवीज केली नाही, तर नांदेडच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते. स्कीमा आयात करणाऱ्या साधनाला यात वावगे काही दिसत नाही. त्याच्यासाठी तो मजकुराचा कॉलम आहे आणि त्याने मजकुराचा गुणधर्म काढून दिला आहे.

काळ आणि जागा हे दोन कॉलम तर कुणालाही सोपे वाटतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथल्या महसुली कागदांवर फसली सन चालत असे. १३५६ फसली म्हणजे इसवी सनाचे १९४६-४७. साधारण ५९० मिळवावे लागतात आणि वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ही नोंद तारखेच्या कॉलममध्ये सरळ घातली तर संगणक ती चौदाव्या शतकात नेऊन ठेवतो आणि कसलीही तक्रार करत नाही. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जुनी उर्दू आणि मोडी दप्तरे, खासरा पाहणी पत्रके, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या घराघरांतल्या चर्चेत आल्या. एका नोंदीवर मुलाच्या जातीचा दाखला ठरतो, म्हणून ती कोणत्या वहीच्या कोणत्या पानावर, कोणत्या सनात, कुणी वाचली, हे सगळे वेगवेगळ्या कॉलममध्ये जपले पाहिजे. नुसता स्कॅन जोडून शेजारी शेऱ्याचा एक रकाना ठेवणे, ही त्या कागदाची आणि त्या कुटुंबाची उपेक्षा आहे.

जागेचे उदाहरण किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला आणि नंतर लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. गावाचे नाव तेच, माणसे तीच, गावठाण दुसरीकडे, शेते मात्र जुन्याच जागी. गावाच्या टेबलात अक्षांश-रेखांशाची एकच जोडी असेल तर या गावांना कुठे ठेवणार? लातूर जिल्हाच १६ ऑगस्ट १९८२ ला जन्माला आला, त्याआधीच्या पुष्कळ नोंदी उस्मानाबादच्या नावे आहेत. रेणापूर, देवणी, जळकोट, शिरूर अनंतपाळ हे तालुके तर नंतरचे. गाव कोणत्या तालुक्यात, या प्रश्नाला तारखेशिवाय उत्तर नसते. म्हणून गाव आणि तालुका यांच्या नात्यात केव्हापासून आणि केव्हापर्यंत हे दोन कॉलम लागतात. ते स्कीमात असतील तर साधन ते क्लासमध्ये आणते. नसतील तर १९७२ च्या दुष्काळातली चाकूरच्या गावाची नोंद शोधणारा अभ्यासक रिकाम्या हाताने परत जातो.

या सगळ्याचे तात्पर्य काहींना असे वाटेल, की मग साधने वापरूच नयेत, सगळे हाताने लिहावे. तसे मुळीच नाही. सार्वजनिक नोंदींच्या बाबतीत आधी टेबल आणि मग क्लास हीच दिशा योग्य आहे. प्रोग्रॅमच्या भाषा दहा-पंधरा वर्षांत बदलतात. नमुना सात शंभर वर्षे टिकतो. जे जास्त टिकते त्याच्यापासून सुरुवात करावी, आणि प्रत्येक नव्या भाषेत त्याचे क्लास यंत्राने पुन्हा काढून घ्यावेत. त्यात श्रम वाचतात आणि हाताने लिहिताना होणाऱ्या शंभर बारीक चुका टळतात. मात्र या दिशेने जायचे तर मूळ स्कीमा नीट असला पाहिजे, आणि तो पुष्कळ डोळ्यांखालून गेला पाहिजे.

इथे जीएसटीने एक चांगला पायंडा पाडला आहे. ई-इन्व्हॉइसचा आयएनव्ही-०१ हा आराखडा ३० जुलै २०२० च्या अधिसूचनेने जाहीर झाला. कोणता रकाना सक्तीचा, कोणता ऐच्छिक, कोणाची लांबी किती, हे सगळे त्यात आहे. एचएसएन कोड मजकूर म्हणून दिला आहे. बिलाचा क्रमांक सोळा अक्षरांपर्यंत, आणि तो शून्याने सुरू होऊ शकत नाही. तारीख दिवस, महिना, वर्ष या क्रमाने. क्विंटलसाठी ठरलेला संकेत आहे, पोत्यासाठी आहे. आवृत्तीचा क्रमांक बिलातच लिहावा लागतो. त्यामुळे लातूरमधल्या एखाद्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसलेला प्रोग्रॅमर तो आराखडा उतरवून घेतो, साधनाला देतो आणि त्याचे क्लास काढतो, अगदी तसेच जसे बंगळुरूची मोठी कंपनी काढते. कुणाच्या ओळखीची गरज नाही, कुणाच्या दारात जावे लागत नाही. चूक त्याच्या कॉलममध्ये असेल तर आराखडा समोर ठेवून त्याला ती दाखवता येते.

भूमी अभिलेखाच्या दालनातही असाच आराखडा हवा. लोकांची नावे नकोत, क्षेत्रेही नकोत, फक्त कोरी टेबले: सातबाऱ्याचे, फेरफाराचे, खात्याचे, पीक पाहणीचे. प्रत्येक कॉलमचे नाव, प्रकार, एकक, लांबी आणि अर्थ मराठीत लिहिलेला. भोगवटादार वर्ग एक आणि दोन यांचे संकेत काय, सत्ताप्रकार कोणते, फेरफाराचे प्रकार किती, हे सांगणाऱ्या याद्या सोबत. आवृत्ती बदलली की काय बदलले त्याची नोंद. बाजार समित्यांच्या आवकीच्या, पीकविम्याच्या आणि पाणीपट्टीच्या नोंदींनाही हाच नियम लावावा.

याला एक आक्षेप नेहमी घेतला जातो: रचना उघड केली तर चोरांना वाट मिळेल. त्यात तथ्य एवढेच, की सर्व्हरच्या आतल्या टेबलांची खरी नावे, परवानग्या आणि पासवर्डची व्यवस्था उघड करण्याचे कारण नाही. ती मागणीही नाही. मागणी आहे ती देवाणघेवाणीच्या आराखड्याची, बाहेरच्या जगाशी माहिती ज्या साच्यात जाते-येते त्याची. माणसाची खासगी माहिती ओळींमध्ये असते, कॉलमच्या नावांमध्ये नसते. सातबाऱ्याचा कोरा नमुना तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाखालच्या १९७१ च्या नियमांपासून जाहीरच आहे. कागदाच्या काळात जो साचा सर्वांना ठाऊक होता, तो संगणकाच्या काळात झाकून ठेवण्याला आधार नाही.

दुसरी जबाबदारी शिक्षणसंस्थांची. नांदेडच्या विष्णुपुरीत १९८१ पासून श्री गुरु गोविंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे. १७ सप्टेंबर १९९४ पासून तिथेच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांचे. लातूरने दहावी-बारावीच्या गुणांचा एक पॅटर्न राज्याला दिला. या भागातली मुले हुशार आहेत, कष्टाळू आहेत, आणि पदवी घेऊन पुण्याला जातात. पण डेटाबेसच्या प्रात्यक्षिकात त्यांना मिळतात ती टेबले परक्या पुस्तकातली: एम्प्लॉयी, डिपार्टमेंट, सॅलरी. एम्प्लॉयीचे क्लास साधन बिनचूक काढते, कारण त्या टेबलात अडचण अशी काही नसतेच. अडचण नसलेल्या गोष्टीतून शिकायला काय मिळणार?

त्याऐवजी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने आपल्या घरचा सातबारा, आठ-अ आणि एक फेरफार घ्यावा, नावे बदलून त्याचा स्कीमा लिहावा, तो साधनाला द्यावा आणि निघालेला क्लास आजोबांना किंवा तलाठ्याला समजावून सांगावा. सामाईक विहिरीचा हिस्सा कुठे गेला, पोटखराबा लागवडीच्या क्षेत्रात मिसळला का, काकूच्या नावापुढचे भ्र. कुठे हरवले, असे प्रश्न समोरून येतील. असा विद्यार्थी पुण्याच्या मुलाखतीत फॉरेन कीबद्दल बोलेल तेव्हा त्याला पाठांतराची गरज पडणार नाही.

आता तर क्लास लिहायला यंत्रबुद्धीही आली आहे. दोन ओळींत सांगितले की ती टेबल आणि क्लास दोन्ही लिहून देते. त्यामुळे हे काम शिकवायची गरज उरली नाही, असे म्हणणारे भेटतात. वस्तुस्थिती उलटी आहे. लिहिण्याचे श्रम जितके कमी होतील, तितके तपासणाऱ्याचे काम वाढते, आणि तपासायला दीड एकर व एक पूर्णांक दोन दशांश एकर यांतला फरक ज्याच्या अंगवळणी पडला आहे असा माणूस लागतो. तो माणूस मुखेडमध्ये, अहमदपूरमध्ये, किनवटमध्ये आहे. त्याला डेटाबेस शिकवणे सोपे आहे. हिंजवडीतल्या अभियंत्याला आणेवारी शिकवणे त्याहून कठीण.

जुन्या प्रणालींचे ओझे हाही प्रश्न आहेच. मायएसक्यूएलमध्ये २०१० च्या अखेरीस आलेल्या ५.५ आवृत्तीपर्यंत मायआयसॅम हा टेबलांचा प्रकार मुळातच ठरलेला असे, आणि तो फॉरेन की पाळत नाही. त्या काळात बनलेल्या कित्येक संस्थांच्या, पतपेढ्यांच्या, शाळांच्या सॉफ्टवेअरमध्ये टेबलांतली नाती स्कीमात नाहीतच. ती लिहिणाऱ्याच्या डोक्यात होती, आणि तो नोकरी सोडून गेला. असा डेटाबेस साधनाला दिला की सुटे क्लास मिळतात, एकमेकांशी कसलेही नाते नसलेले. तिथे आधी बसून, जुन्या कारकुनाला विचारून नाती लिहून काढावी लागतात. या कामाला कुणी वेळ देत नाही, पैसेही देत नाही. निविदेत डेटा स्थलांतर असा एक शब्द असतो आणि त्यात हे सगळे गृहीत धरलेले असते. निविदेतच स्कीमाचे दस्तऐवज तयार करण्यासाठी वेगळी रक्कम असावी, आणि ते दस्तऐवज ग्राहक संस्थेच्या मालकीचे राहावेत. ठेकेदार बदलला तरी संस्थेची वही संस्थेकडेच असली पाहिजे.

पुण्यातल्या जमाबंदी आयुक्त कार्यालयाने गाव नमुन्यांचा देवाणघेवाणीचा आराखडा मराठीत, आवृत्ती क्रमांकासह, कुणालाही उतरवून घेता येईल असा प्रसिद्ध करावा. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या संगणकशास्त्र अभ्यास मंडळाने तो पुढच्या शैक्षणिक वर्षापासून डेटाबेसच्या प्रात्यक्षिकात घ्यावा. आणि नांदेड-लातूरमधल्या ज्या वाचकांच्या घरी संगणक शिकणारे मूल आहे, त्यांनी या सुट्टीत त्याच्या हातात घरचा सातबारा द्यावा आणि प्रत्येक रकान्याचा प्रकार काय ठेवशील, ते त्याला विचारावे.